होळीपर्यंतचं पाणी

नांदेड,
६ सप्टेंबर १९८२

शरणप्पाभाऊ आणि कोंडाबाई यांना,
चांगुणाचा जयभीम.

तीन दिवस झाले, हे पत्र लिहायला बसते आणि वॉर्डातून हाक आली म्हणून उठते. खरं तर हाक आली नाही तरी उठते. आज पुरं करते.

लातूरचं घर विकायचं ठरवलं आहे.

येत्या जूनअखेर मी रिटायर होते. मग दवाखान्याचं क्वार्टर सोडावं लागेल. आम्हा सिस्टर लोकांच्या सोसायटीत मला प्लॉट मिळाला आहे, पण नुसत्या प्लॉटवर झोपता येत नाही. लेक हदगावला बोलावते. जावयाच्या घरात म्हातारपण काढायची माझी इच्छा नाही. यांना जाऊन सहा वर्षं झाली, मी नांदेडला आले त्यालाही पाच. लातूर जिल्हा झाल्यापासून साहेब लोक घरं शोधत फिरतात, असं दलाल बसलिंगप्पा मला सांगून गेले. म्हणाले, बाई, हाच टाइम आहे.

घर तसंच दाखवलं तर कुणी विचारणार नाही आणि फार खर्च करायची माझी ऐपत नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. कळीचा चुना आणून पिंपात दोन दिवस विरू द्यावा, फडक्यातून गाळावा, त्यात सरस घालावा म्हणजे हाताला लागत नाही. शेवटच्या हाताला जराशी नीळ. पत्र्याच्या स्क्रूभोवती डांबर. दाराला जवसाचं तेल. एवढ्यात घराचा चेहरा बदलेल.

तुम्ही दहा वर्षं त्या घरात आहात. घर विकायचं आणि ते सजवायचं कामही तुम्हालाच सांगायचं, हे मला बरं वाटत नाही. पण दुसरं माणूस नाही. संक्रांतीपर्यंत तुमची काही सोय होईल का, ते कळवा.

तुमची,
चांगुणा

---

लातूर,
१४ सप्टेंबर १९८२

वैनींना शरणप्पाचे शरणु.

पत्र पोचलं. आडतीत पोती शिवता शिवता वाचलं, मग घरी येऊन कोंडाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणली, मकान त्यांचं हाय, त्यांना गरज हाय, विकू द्या. मीबी तेच म्हणतो.

आमची फिकीर करू नका. औशाला माझा पुतण्या मल्लिकार्जुन हाय. त्याच्या मकानात मागली खोली रिकामीच पडून हाय. कधीबी या म्हणतो.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर तुमचा देविदास मुकादम होता. मी निलंग्याकडून बायकोला घेऊन आलेलो, रात्री झाडाखाली पडायचो. तो म्हणला, चल घरी, पुढची खोली मोकळी हाय. आमच्या पाहुण्यांनी दोन वर्षं त्या घरी पाणी घेतलं न्हाई. मग घ्यायला लागले. त्या घराचं काम सांगायला तुम्ही लाजू नका.

आता कामाचं. चुना एवढ्यात लावायचा न्हाई. पुढच्या भिंतीला ओल हाय. वरून कितीबी पांढरं करा, महिन्यात पोपडे येतात. ओल न्हाणीच्या मोरीची हाय. मोरी फिरवून पाणी पपईच्या झाडाकडं काढतो, भिंत वाळू देतो, दसऱ्यानंतर चुना. सैपाकघरातली काजळी विटकरीनं खरडून काढावी लागेल, न्हाईतर चुन्यातून पिवळी वर येते.

आणि बिगर पैशाचं एक काम कोंडाबाईनं सुरू केलं. घर रिकामं करून राहिली. फुटके डबे, जुनी पोती, दहा वर्षांची अडगळ. अर्धं सामान गेलं तर खोली दीडपट दिसायला लागली. आम्ही एवढं कशाला जमवलं होतं, तेच कळेना.

शरणप्पा

---

नांदेड,
२ ऑक्टोबर १९८२

शरणप्पाभाऊ,

औशाची सोय आहे हे वाचून माझ्या मनावरचं ओझं उतरलं. चार दिवस झोप नव्हती. मल्लिकार्जुनला माझा नमस्कार कळवा.

मोरीचं तुम्ही बरोबर ओळखलंत. आम्ही दवाखान्यात हेच म्हणतो, आधी जखम धुवा, मग पट्टी. चुन्यासाठी मनिऑर्डर केली आहे.

बसलिंगप्पांचं पत्र आलं. त्यांच्या दोन सूचना आहेत. पहिली, बैठकीतले बाबासाहेबांचे आणि बुद्धाचे फोटो गिऱ्हाईक येईपर्यंत उतरवून ठेवा, कारण लोक बाहेर काही बोलत नाहीत पण फोटो बघून परत जातात. हे करायचं नाही. फोटो पुसून, नवा खिळा मारून, होते तिथंच लावा. घेणाऱ्याला आपण कुणाचं घर घेतो आहोत हे कळलंच पाहिजे. ज्याला चालत नाही त्याला मला विकायचंही नाही.

दुसरी सूचना आडाची. यंदा पाऊस अर्धाच झाला. आत्ता आडाला पाणी आहे, पण होळीनंतर तळ दिसतो हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. बसलिंगप्पा म्हणतात, मार्गशीर्षापर्यंत गिऱ्हाईक आणतो, पाणी दिसतं तोवर व्यवहार करू. तुम्ही आपण होऊन काही बोलू नका. कुणी विचारलं तर, आहे बघा पाणी, एवढंच म्हणा. त्यात खोटं काही नाही.

चांगुणा

---

लातूर,
३१ ऑक्टोबर १९८२

वैनींना शरणु.

चुना झाला. तीन हात दिले. शिंदीचा कुंचा स्वतः कुटून केला, बाजारचा केस सोडतो. नीळ तुम्ही म्हणल्याप्रमाणं चिमूटभर. सकाळी ऊन आलं की आतलं सगळं उजळून जातं. कोंडाबाई म्हणती, हे आधीच का न्हाई केलं. मी म्हणलो, विकायचं नव्हतं म्हणून.

चौकटीच्या भेगेत चुना, रेती आन् गुळाचं पाणी भरलं. मागचं दार उचलून कडी लावावी लागायची, बिजागरीखाली पत्र्याची चकती घातली, आता एका बोटानं लागतं. डांबर झालं. उखडलेल्या तीन शहाबादी फरश्या बसवल्या. फोटो पुसून जागेवर लावले.

बसलिंगप्पानं तीन गिऱ्हाइकं आणली. एक नव्या कचेरीतले इंजिनिअर होते, सोबत बायको आन् कडेवर लेकरू. बघून गेले. पुढं काही कळलं न्हाई.

मूग, उडीद काहीच आडतीला येईना. पोती शिवायचं काम आठवड्यातून दोन दिवस. त्यामुळं घराला हात लावायला वेळ मिळून राहिला.

शरणप्पा

---

नांदेड,
२२ नोव्हेंबर १९८२

शरणप्पाभाऊ,

बसलिंगप्पा काल माझ्या वॉर्डाच्या दारात येऊन उभे राहिले. पेशंटसमोर मला म्हणाले, "बाई, तुमचा भाडेकरू तुमचं घर विकू देत नाही." इंजिनिअर साहेबांना घर पसंत होतं, बयाणा द्यायला तयार होते, आणि तुमच्या घरातून त्यांना सांगण्यात आलं की आड होळीला आटतो. त्यांच्यानंतर आलेल्या दोघांनाही तेच सांगण्यात आलं. तुम्ही मला लिहिलंत, बघून गेले, पुढं काही कळलं नाही.

मी तुम्हाला फार मागितलं नव्हतं. फक्त गप्प राहायला सांगितलं होतं.

तुम्हाला घर सोडायचं नसेल तर तसं सरळ लिहा. मी वाईट मानणार नाही. पण एका हातानं चुना लावायचा आणि दुसऱ्यानं गिऱ्हाईक परतवायचं, हे काय आहे? मी अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे. जूननंतर मला डोक्यावर छप्पर नाही. हे तुम्हाला दिसत नसेल असं मला वाटलं नव्हतं.

चांगुणा

---

लातूर,
४ डिसेंबर १९८२

वैनींना.

तुमचं पत्र आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. कोंडाबाईला दाखवलं न्हाई. मग तिनंच सदरा धुताना काढलं आन् म्हणली, वाचा.

सांगितलं हे खरं हाय. पहिल्यांदा मी न्हाई, कोंडाबाईनं सांगितलं. साहेब आन् बसलिंगप्पा पुढं बोलत होते. त्यांची बायको सैपाकघरात आली, लेकराला पाणी मागितलं. पाजता पाजता म्हणली, "मावशी, पाणी बारमाही हाय ना? याच्या आधी जिथं होतो तिथं मी लई हाल काढले." कोंडाबाई दहा उन्हाळे टेसणावरच्या टाकीवरून डोक्यावर पाणी आणती. तिच्या मानेला अजून गाठ हाय. ती म्हणली, "होळीपर्यंत हाय. पुढं टेसणावर जावं लागतं." रात्री मला म्हणली, दुसरं काहीबी खोटं बोलले असते, लेकरू पाणी पिऊन राहिलं होतं तवा न्हाई बोलता आलं.

पुढच्या दोघांना मीच सांगितलं. बायकोनं खरं बोलावं आन् मी लपवावं, हे मला जमेना.

तुम्हीच लिहिलं होतं, घेणाऱ्याला आपण कुणाचं घर घेतो हे कळलं पाहिजे. मग घरात काय न्हाई तेबी कळलं पाहिजे, असं मला वाटलं. माझी अक्कल थोडी. पण तुम्हाला लिहिलं न्हाई, ही चूक माझी. त्याची माफी मागतो.

घर सोडायचं न्हाई असं तुम्ही मनात आणू नका. तुम्हाला तसं लिहावं लागलं हे देविदासला कळलं असतं तर मी त्याच्यापुढं उभा राहिलो नसतो. तुम्ही सांगाल त्या दिवशी चावी देतो.

शरणप्पा

---

(पोस्टकार्ड)
लातूर, १० जानेवारी १९८३

वैनींना शरणु. तुमचं पत्र न्हाई, राग असेल. एक कळवायचं म्हणून लिहितो. आड उपसून राहिलो. दहा वर्षांत गाळ कधी काढलाच न्हाई. मडिवाळप्पा म्हणून एक विहिरी खांदणारा हाय, तो उतरतो, मी आन् कोंडाबाई वरून ओढतो. छातीइतका गाळ निघाला. खर्च फक्त दोराचा. पाणी वाढेल का, सांगता येत न्हाई. वाढलं तर लोकांना खरं सांगायला जड जाणार न्हाई.
शरणप्पा

---

नांदेड,
२ फेब्रुवारी १९८३

शरणप्पाभाऊ,

तुमच्याकडून येऊन पाच दिवस झाले. एसटीत बसल्यापासून हे पत्र मनात लिहिते आहे.

तुमचं कार्ड वाचून मला राहवलं नाही म्हणून मी न कळवता आले. गल्लीत शिरले तर घर ओळखू आलं नाही, पुढं जाऊन परत फिरले. दारात तुम्ही उभे होता, हात पाठीमागं धरून. मी नर्स आहे, भाऊ. पाठीमागं लपवलेला हात मला पहिल्यांदा दिसतो. दगडाखाली चेंगरलेल्या बोटाला हळद आणि चिंधी बांधून तुम्ही दहा दिवस दोर ओढत होता. नख गेलं, पण बोट वाचलं. दर तीन दिवसांनी पट्टी बदलून घ्या, पाण्यात हात घालू नका.

मी पट्टी बांधत असताना कोंडाबाई भाकरी थापत होती. मी सहज म्हणाले, "औशाची खोली मोठी आहे का?" तिनं तवा उतरवला. म्हणाली, "औशाला कोण हाय? मल्लिकार्जुन दोन वर्षं झाली सोलापूरला गेला. त्याचा पत्ताबी आमच्याकडं न्हाई." तुम्ही तेव्हा उठून मागच्या दारी गेलात.

मला निश्चिंत झोप लागावी म्हणून तुम्ही खोटं लिहिलंत. मी मात्र माझं घर विकलं जावं म्हणून एका परक्या बाईला फसवा, असं तुम्हाला सांगत होते, आणि वर तुमच्यावरच आळ घेतला. या दोन्हींत फरक आहे. तो मला कळतो, एवढंच लिहिते. तोंडानं बोलले असते तर रडू आलं असतं.

घर मला विकावंच लागेल. त्यातून सुटका नाही. पण मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत.

एक. आता घर कुणाला दाखवायचं नाही. चैत्र संपू द्या. वैशाखात, सगळ्यात वाईट उन्हात, आड जिथं जाईल तिथं जाऊ द्या, आणि मग दाखवा. तेव्हा जे आहे ते पाहून जो घेईल तो घेईल. भाव कमी आला तरी चालेल. बसलिंगप्पांना मी तसं कळवलं. ते म्हणाले, घर विकायची ही रीत मी कुठं ऐकली नाही.

दोन. माझ्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं की सामान सांभाळायला, भिंतींवर पाणी मारायला माणसं लागतील. तुम्ही दोघं या. मी मिस्त्रीला नकाशात मागच्या बाजूला एक खोली वाढवायला सांगितली आहे. दहा बाय दहाची. उपकार म्हणून नाही. मी एकटी आहे, मला घरात माणसं लागतात.

चांगुणा

---

लातूर,
१९ मे १९८३

वैनींना शरणु.

बोट चांगलं हाय. सुई धरता येती.

आडाची हकीकत. होळीला तळ दिसला न्हाई. मी रोज सकाळी दोराला गाठ मारून मोजायचो. पाडव्याला मांडीइतकं होतं. आता वैशाखात सकाळी आठ घागरी निघतात, संध्याकाळी चार. जास्त ओढलं की गढूळ येतं. चौकातल्या सरकारी नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. गल्लीतल्या बाकीच्या आडांत दगड दिसून राहिले. यंदा कोंडाबाई टेसणावर एकदाबी गेली न्हाई.

गेल्या सोमवारी बसलिंगप्पा एका बाईला घेऊन आला. नागाबाई नाव. मुखेडकडची हाय, पन्नाशीची, विधवा. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांत एकटे राहणारे कारकून लई झाले, त्यांच्यासाठी खानावळ चालवती. भाड्याची जागा सुटून राहिली म्हणून घर पाहिजे.

तिनं रंग बघितला न्हाई, दार बघितलं न्हाई. सरळ मागं गेली आन् आडात वाकली. मी म्हणलो, "बाई, सकाळी आठ, संध्याकाळी चार. जास्त न्हाई." ती म्हणली, "हे कधीचं सांगता?" म्हणलो, "आजचं." ती तिथंच कट्ट्यावर बसली. म्हणली, "चार मकानं बघितली. सगळे सांगतात, पावसाळ्यात या, भरलेला दाखवतो. भरलेला तर कुणाचाबी असतो." मग ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला एकटीच आली आन् स्वतः आठ घागरी काढून बघितल्या. आठवी गढूळ आली. तिनं ती पपईला ओतली.

बैठकीतले फोटो बघितले. म्हणली, "मालकीण येणार हाय का फोटो न्यायला?" म्हणलो, येतील. म्हणली, "मग तोवर राहू द्या."

ती घ्यायला तयार हाय. भाव बसलिंगप्पा कळवेल. तो म्हणला त्याच्यापेक्षा कमी हाय, पण लई कमी न्हाई. तुम्ही सहीला कधी येता ते लिहा.

नांदेडला यायचं कोंडाबाईनं कबूल केलं हाय. तिची जायची तयारी सुरू हाय.

शरणप्पा

---

लातूर,
२० जून १९८३

वैनींना शरणु.

तुम्ही सह्या करून, फोटो घेऊन गेलात. गाडी सुटली तरी कोंडाबाई स्टँडवर उभीच होती. आता जे लिहायचं हाय ते कसं लिहावं, दोन दिवस सुचेना.

परवा नागाबाई भांडी घेऊन राहायला आली. आमचं गाठोडं बांधलेलं होतं, शनिवारच्या गाडीनं नांदेडला निघायचं होतं. जायच्या आधी कोंडाबाईनं तिला सगळं घर दाखवलं. चूल कुठल्या कोपऱ्यात मांडली तर धूर बाहेर जातो. कुठला पत्रा मोठ्या पावसात ठिबकतो, डांबर लावूनबी. न्हाणीची मोरी कधी साफ करायची. आडातून घागर किती हळू ओढायची. नागाबाई मागं मागं फिरून ऐकत होती. मग म्हणली, "मावशी, आड बघायला आले त्या दिवशी तुमच्या हातची भाकर मी खाल्ली. माझ्याकडं चाळीस ताटं होतात, भाकरी थापायला बाई मिळत न्हाई. पुढची खोली मला लागत न्हाई. तुम्ही कशाला जाता?"

कोंडाबाई माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणलो, वैनींना शबूद दिला हाय. नागाबाई म्हणली, मग त्यांनाच विचारा.

वैनी, मी खरं लिहितो. तुमच्याकडं आलो असतो तर तुम्ही आम्हाला सुखात ठेवलं असतं. पण कोंडाबाई साठीची झाली. तिला तिच्या हाताची कमाई पहिल्यांदाच मिळून राहिली. काल तिनं दीडशे भाकरी थापल्या आन् रात्री मला म्हणली, दमले. असं खुशीनं दमले म्हणताना मी तिला कधी ऐकलं न्हाई. मी बाजार आणतो, हिशेब माझ्याकडं न्हाई, नागाबाईकडं हाय, ते बरं हाय.

तुम्ही नकाशात खोली वाढवली, ते डोक्यातून जात न्हाई. तुम्ही या म्हणलात तर आम्ही गाठोडं उचलतो. तुमच्या पत्राची वाट बघतो.

शरणप्पा

---

नांदेड,
२ जुलै १९८३

शरणप्पाभाऊ आणि कोंडाबाई,

या म्हणणार नाही. राहा.

परवा रिटायर झाले. हार, नारळ, भाषणं झाली. रात्री क्वार्टरमध्ये बसून तुमचं पत्र वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, ते लपवत नाही. मी मनात तुमच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला काढायची तेही ठरवून बसले होते. मग भाकरीचं पुन्हा वाचलं. पस्तीस वर्षं पगार घेतला मी. पहिल्या पगाराच्या दिवशी पाय किती दुखत होते आणि मी किती खूश होते, ते मला आठवलं. कोंडाबाईला साठीत ते मिळतंय, तर मी कोण थांबवणारी?

पाया भरून झाला आहे. मिस्त्री विचारत होता, मागची खोली ठेवू का काढू. मी म्हणाले, ठेव. बांधकामावर पाणी मारायला शेजारच्या सिस्टरचा भाऊ येतो. तुम्ही दोघं दिवाळीत चार दिवस या. कोंडाबाईला नागाबाई सुटी देत नसेल तर मी तिला पत्र लिहीन.

काल रात्री इथं बरा पाऊस झाला. तिकडं झाला का ते कळवा. आड किती भरला, तेही.

हे पाकीट लिहिताना एक झालं. लातूरच्या त्या पत्त्यावर मी आजवर जितकी पत्रं घातली त्या सगळ्यांवर 'देविदास सोनकांबळे यांचे घर' असं लिहिलं. आजही हात तसाच गेला, 'देवि' पर्यंत लिहून झालं. मग पाकीट बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं, आणि सावकाश अक्षर काढून लिहिलं, नागाबाई यांचे घर.

तुमची,
चांगुणा